जगाचा प्रादेशिक भूगोल: पहिल्या सत्रात पाठांतर किती आणि समजून घेणं किती?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला 'जगाचा प्रादेशिक भूगोल' हा तीन क्रेडिटचा विषय घेतला आहे. पंधरा आठवडे, दहा प्रदेश. प्रत्येक प्रदेशावर कोऱ्या नकाशाची चाचणी: तीस नावं, शब्दयादी देत नाहीत. शिवाय दोन मोठ्या परीक्षा आणि शेवटी दोन प्रदेशांची तुलना करणारा निबंध. विज्ञान शाखेतली असल्याने भूगोलाची आणि माझी गाठ दहावीनंतर पडलेली नाही.
पुस्तक चाळून माझं मत असं झालंय की हे सगळं जनरल नॉलेज आहे. देश, राजधान्या, नद्या घोकल्या की काम फत्ते. जाणकारांचं काय म्हणणं?

चहाटळ
घोका की. पहिला प्रश्न: बोलिव्हियाची राजधानी?

पाटीपेन्सिल
ला पाझ.

चहाटळ
सरकार ला पाझमध्ये बसतं, घटनेत राजधानी सुक्रे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या तर तीन: प्रिटोरिया, केप टाऊन, ब्लूमफाँटेन. टांझानियाची दार-एस-सलाम नाही, डोडोमा. नायजेरियाची लागोस नाही, अबुजा. बसा घोकत. :)

कोकणकडा
घोकून नकाशाची चाचणी निघेल, परीक्षा निघणार नाही. मोठ्या परीक्षेत 'कुठे' हा प्रश्न फार कमी असतो, 'तिथेच का' हा असतो.
प्रत्येक प्रकरण एकाच क्रमाने वाचा: आधी डोंगर-पठारं-मैदानं, मग हवामान, मग पाणी, मग लोक कुठे राहतात, आणि सगळ्यात शेवटी देशांच्या सीमा. पुस्तकात हा क्रम बऱ्याचदा मोडलेला असतो, रंगीत चौकटी मध्येच घुसतात. क्रम आपण लावायचा. पाचही गोष्टी एकाच आकाराच्या कोऱ्या नकाशांवर काढल्या आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या की अर्धं प्रकरण तिथेच दिसतं. उदा. रशियाचा नकाशा. क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख चौ. किमी, पण तीन चतुर्थांशाहून जास्त लोक उरलच्या पश्चिमेला. हवामानाच्या नकाशावर लोकसंख्येचा नकाशा ठेवला की कारण वेगळं पाठ करावं लागत नाही.
दुसरी सवय, अक्षांशाच्या जोड्या लावण्याची. मुंबई १९ अंश उत्तर, मेक्सिको सिटीही १९ अंश उत्तर. मग तिथे मे महिन्यात घामाच्या धारा का नाहीत? शहर २२४० मीटरवर आहे. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर साडेचौदा अंशांचा फरक निघतो. प्रत्यक्षात तो त्याहून कमी आहे, कारण पठार स्वतःही तापतं. दुसरी जोडी चेन्नई (१३ उत्तर) आणि लिमा (१२ दक्षिण). दोन्ही समुद्रकाठची शहरं. चेन्नईला वर्षाला १४०० मिमीच्या आसपास पाऊस, लिमाला २० मिमीसुद्धा नाही. कारण किनाऱ्यालगत वाहणारा थंड हम्बोल्ट प्रवाह: खालची हवा थंड राहते, वर उठत नाही, धुकं भरपूर पण पाऊस नाही. हे एकदा डोक्यात बसलं की नामिबचं वाळवंट फुकटात समजतं. तिथे हम्बोल्टच्या जागी बेंग्वेला.

बाराखडी
कोकणकडा यांच्याशी सहमत, पण दर आठवड्याची चाचणी 'का' वर निघत नाही. तीस नावं म्हणजे तीस नावं.
नकाशा बघून पाठ होत नाही, काढून होतो. पद्धत लिहिते:
कोरा बाह्यरेषेचा नकाशा, ए-फोर आकार, दहा प्रती. पेन्सिलीने आधी विषुववृत्त आणि दोन्ही अयनवृत्तं काढा. आफ्रिकेत विषुववृत्त गॅबन, काँगो प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक (किन्शासावालं), युगांडा, केनिया, सोमालिया यांतून जातं. हे सहा देश बसले की मधला पट्टा पक्का. मग नद्या, मग सीमा. राजधान्या सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी पुस्तक उघडं ठेवून, दुसऱ्या दिवशी झाकून, मग दोन दिवस हात लावायचा नाही, पाचव्या दिवशी पुन्हा झाकून. चुकलेलं नाव लाल रंगाने, आणि पुढच्या कागदावर सुरुवात त्या लाल नावांपासून. बहुतेकजण पहिल्या दिवशीच पाचदा काढतात आणि आठवड्याने कोरे होतात.
एका वेळी पूर्ण खंड नको. आफ्रिकेचे चार तुकडे करा. पश्चिम किनारा सेनेगलपासून सुरू करून किनाऱ्याकिनाऱ्याने बोट फिरवत जा. शेवटचे पाच, आयव्हरी कोस्ट ते नायजेरिया: आ-घा-टो-बे-ना.
बाल्टिक देश तर आपल्या वर्णमालेच्या क्रमानेच उभे आहेत. उत्तरेकडून एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. राजधान्याही तशाच: टॅलिन, रीगा, व्हिल्नियस.

टॉर्चवाला
'आघाटोबेना' हे एखाद्या गावाचं नाव वाटतं. आघाटोबेना बुद्रुक.

बाराखडी
गुण मिळाले म्हणजे झालं, बुद्रुक असो की खुर्द.
आणि जिथे हमखास गुण जातात त्या जोड्या: नायजरला समुद्र नाही, नायजेरियाला आहे. स्लोव्हेनियाला समुद्र आहे (जेमतेम ४७ किमी), स्लोव्हाकियाला नाही. डॉमिनिका हे छोटं बेट, डॉमिनिकन प्रजासत्ताक म्हणजे हैतीच्या शेजारचा देश. गिनी चार: गिनी, गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी आणि पार पॅसिफिकमधला पापुआ न्यू गिनी. नुसतं 'काँगो' लिहिलंत तर गुण नाही; दोन आहेत, आणि त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर, ब्राझाव्हिल आणि किन्शासा. नदीचं नाव ठिपक्यावर नाही, प्रवाहाच्या रेषेला धरून लिहायचं. आखात आणि समुद्र यांत गल्लत केली तरी अर्धा गुण जातो.

हवापालट
हवामानाच्या आलेखांबद्दल कोणीच बोललं नाही. परीक्षेत चार-पाच आलेख देतात आणि शहर ओळखायला सांगतात. हे गुण तर हातचे.
आधी तापमानाची रेघ बघा. जुलैत खाली गेलेली असेल तर दक्षिण गोलार्ध, विषय संपला. रेघ जवळजवळ सपाट असेल तर विषुववृत्ताजवळ: सिंगापूर, बाराही महिने २७ अंशांच्या आसपास. रेघ डोंगरासारखी असेल (मॉस्को, जानेवारी उणे ६ च्या आसपास, जुलै १९) तर खंडाच्या आतला भाग. मगच पावसाचे खांब बघा. थंडीत पाऊस आणि उन्हाळा कोरडा असेल तर भूमध्य सागरी हवामान. केप टाऊनला जून ते ऑगस्ट पाऊस. पहिल्या पायरीने दक्षिण गोलार्ध ठरलेला असला की अथेन्स आणि केप टाऊन यांत घोटाळा होत नाही.
कोपेनचं वर्गीकरण (हवामानाचे गट: ए उष्ण, बी कोरडं, सी सौम्य, डी कडक हिवाळ्याचं, ई ध्रुवीय) करताना सगळे ए पासून सुरुवात करतात, तिथेच फसतात. आधी ई तपासा (सर्वांत उष्ण महिना १० अंशांखाली), मग बी, मग उरलेले. बी हा गट नुसत्या पावसावर ठरत नाही, तापमानाच्या तुलनेत पाऊस किती यावर ठरतो. सत्तर टक्के पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर सूत्र: वार्षिक सरासरी तापमान गुणिले २०, अधिक २८०. सोलापूर घ्या. सरासरी २७ अंश. ५४० अधिक २८० म्हणजे ८२०. पाऊस सातशे-साडेसातशे मिमी, ८२० पेक्षा कमी म्हणून गट बी. पण त्याच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ४१० पेक्षा जास्त, म्हणून वाळवंट नाही, निमशुष्क.

झिपऱ्या
मग मुंबई मोसमी गटात ना? एवढा पाऊस पडतो.

हवापालट
गंमत तिथेच आहे. सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस ६० मिमीपेक्षा कमी असला की दुसरी कसोटी लागते: १०० वजा (वार्षिक पाऊस भागिले २५). कोरड्या महिन्याचा पाऊस या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल तर मोसमी, कमी असेल तर सॅव्हाना. कुलाब्याला २२०० मिमी धरा. १०० वजा ८८ म्हणजे १२. फेब्रुवारीत कुलाब्याला १२ मिमी पडतो का? नाही. म्हणून सॅव्हाना! वार्षिक पाऊस २५०० च्या वर गेला की उत्तर शून्याखाली जातं आणि फेब्रुवारी कितीही कोरडा असला तरी गट मोसमी होतो. रत्नागिरी म्हणून मोसमी.
अमेरिकेत असाल तर आणखी एक पाहा: आलेख फॅरनहाइट आणि इंचांत असू शकतात. १८ अंश (ए गटात सर्वांत थंड महिनाही याच्या खाली जात नाही) म्हणजे ६४.४, १० अंश म्हणजे ५०, एक इंच २५.४ मिमी. शिवाय सी आणि डी यांच्यातली रेषा (सर्वांत थंड महिन्याचं तापमान) काही पुस्तकं उणे ३ वर ठेवतात, काही शून्यावर. वर्गात कोणती चालते ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

झिपऱ्या
मुंबईकरांना सॅव्हानात ढकलल्याबद्दल निषेध. सिंह कुठेत?

चहाटळ
बिबटे आहेत, चालवून घ्या.

उलटतपासणी
वरचं सगळं वाचून एक धोका दिसतो. डोंगर, हवामान, पाणी, लोक, सीमा असा क्रम लावला की विद्यार्थी नकळत निष्कर्ष काढतो: हवा उष्ण म्हणून देश गरीब, समुद्र नाही म्हणून मागास. हा शंभर वर्षांपूर्वीचा निसर्गवाद झाला. निबंधात असं लिहिलं तर आजच्या प्राध्यापकांकडून थेट लाल रेघ. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत आहे. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. बोट्स्वानालाही नाही, १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब देशांत गणती, पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले आणि आज तो मध्यम उत्पन्नाच्या देशांत वरच्या फळीत आहे. हिरे शेजारपाजारच्या देशांतही होते. फरक पडला तो पैसा कसा हाताळला त्याने.

कोकणकडा
उलटतपासणी, मुद्दा रास्त, पण क्रमाचा दोष नाही. डोंगर-हवामान हे शक्यतांची यादी देतात, निवड माणसं करतात. संभववाद म्हणतात तो हाच. मात्र निसर्ग बाजूलाच ठेवून निबंध लिहिला तर तो राज्यशास्त्राचा होतो. समुद्र नसल्याने मालवाहतूक महाग पडते, हे बोट्स्वानालाही चुकलेलं नाही. हिरे हलके आणि मोलाचे म्हणून निभावलं. तेवढ्याच किमतीचा कोळसा किनाऱ्यापर्यंत नेऊन दाखवा.

उलटतपासणी
हे वाक्य निबंधात घातलं तर पूर्ण गुण. :)

सीमोल्लंघन
सीमांबद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण उत्तरपत्रिकेत ही चूक सर्रास असते. 'बर्लिनच्या परिषदेत आफ्रिकेचा नकाशा कापला' असं लिहितात. १८८४-८५ च्या परिषदेत प्रामुख्याने नियम ठरले: नदीवरचा व्यापार, आणि किनाऱ्यावर दावा करायचा तर प्रत्यक्ष ताबा दाखवा. रेषा बहुतेक पुढच्या वर्षांत दोन-दोन सत्तांमधल्या करारांनी पडल्या. आफ्रिकन माणूस या कशातच नव्हता, तो मुद्दा मात्र खराच.
उदाहरण लागेल तर कॅप्रिव्ही पट्टी. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून साडेचारशे किमी लांब शेपूट निघालेलं दिसतं ना, तेच. १८९० च्या करारात जर्मनीने ते ब्रिटनकडून घेतलं, कारण झांबेझी नदीपर्यंत पोचलो की पूर्व किनाऱ्याचा मार्ग मिळेल असा हिशेब होता. पुढे नदीवर व्हिक्टोरिया धबधबा आहे, तिथून जहाज जात नाही. हिशेब बुडाला, पट्टी राहिली. त्या टोकाला आज नामिबिया, झांबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे असे चार देश जवळजवळ एका बिंदूत येतात. २०२१ मध्ये सुरू झालेला काझुंगुला पूल तिथे नदीवर वळण घेऊन बांधलाय, झिम्बाब्वेची हद्द टाळायला. एकशे तीस वर्षांपूर्वीच्या रेघेसाठी आजचं काँक्रीट वाकवलं.

मंदाकिनी_०७
अवांतर: मॉरिशस कुठल्या प्रदेशात धरतात? तिथे आपली मराठी मंडळी आहेत, गणपती होतो, बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे.

सीमोल्लंघन
बहुतेक पुस्तकांत सब-सहारा आफ्रिकेत. आणि ते बोचतंच. गुलामगिरी संपत असताना, १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर भारतातून नेले, त्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू आणि मराठीही. संस्कृती लावली तर एक उत्तर, आफ्रिकी संघाचं सदस्यत्व लावलं तर दुसरं. प्रदेश ही आपण आखलेली चौकट आहे, निकष बदलला की हद्द बदलते. तुर्कस्तान, सुदान, अफगाणिस्तान, मेक्सिको, कॉकेशस हे सगळे असे काठावरचे. परीक्षेत हे पाच कुठे बसवले आहेत ते आपापल्या पुस्तकात पाहून ठेवा, आणि 'हा निकष लावला म्हणून' अशी एक ओळ लिहा.

टॉर्चवाला
धागा छान चाललाय. खुर्ची ओढून बसलोय.

पाटीपेन्सिल
सगळं टिपून घेतेय. नकाशाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. आता निबंध. 'दोन प्रदेशांतील पाणीवाटपाची तुलना करा' असा विषय मिळाला आहे, बाराशे शब्द. मध्य आशिया आणि नाईल घ्यायचा विचार आहे. पहिलं अर्धं एकावर आणि दुसरं अर्धं दुसऱ्यावर लिहिलं तर चालेल का?

पाणवठा
चालेल, पण ती दोन टिपणं होतील, तुलना नाही. आधी एका वाक्यात फरक सापडला पाहिजे. या जोडीत तो सुरेख आहे: सीर दर्याचं भांडण वेळेवरून आहे, नाईलचं वाट्यावरून.
सीर दर्या. तिएन शान पर्वतातल्या बर्फावर नारीन नदी वाहते, फरगाना खोऱ्यात तिला कारा दर्या मिळते आणि पुढे सीर दर्या. नारीनवर किर्गिझस्तानात टोक्टोगुल धरण, साठा साडेएकोणीस अब्ज घनमीटर. सोव्हिएत काळात ते मुळात खालच्या कापसासाठी: उन्हाळ्यात पाणी सोडायचं, आणि बदल्यात हिवाळ्यात खालच्या प्रजासत्ताकांकडून किर्गिझस्तानला कोळसा, गॅस मिळायचा. १९९१ नंतर हा व्यवहार मोडला. इंधन बाजारभावाने घ्यायची वेळ आली, म्हणून किर्गिझस्तान हिवाळ्यात वीज करण्यासाठी पाणी सोडू लागला. उझबेकिस्तान आणि कझाकस्तानला पाणी हवं जुलैत, मिळतं जानेवारीत. आणि जानेवारीत खालचं पात्र गोठलेलं, जादा पाणी त्यात मावत नाही, त्यामुळे ते अर्नासायच्या सखल भागात वळवावं लागलं. तिथे वाळवंटात तळी तयार झाली, आणि तिकडे अरल कोरडा. हा एक परिच्छेद नीट लिहिलात तर डोंगर, हवामान, शेती, सीमा सगळं एका ठिकाणी आलं.
अरलबद्दल नुसतं 'आटला' लिहू नका. १९६० मध्ये सुमारे ६८ हजार चौ. किमी, जगात चौथ्या क्रमांकाचं सरोवर. पुढे त्याचे तुकडे झाले. २००५ च्या कोक-अरल बांधानंतर उत्तरेकडचा कझाक भाग सावरला, मासेमारी परतली. दक्षिणेकडचा नाही, कारण अमू दर्याचं पाणी कापसाकडेच जातं.
नाईल. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातलं सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगराळ भागातून येतं. १९५९ चा करार मात्र इजिप्त आणि सुदान या दोघांतच: ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर. इथिओपियाचं त्यात नावही नाही. निळ्या नाईलवरचं त्यांचं मोठं धरण २०११ मध्ये सुरू झालं, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन. साठा ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे इजिप्तच्या वर्षाच्या वाट्याहून जास्त. वाद आहे तो दुष्काळी वर्षात किती सोडणार याचा.
म्हणून परिच्छेद देशावर नको, प्रश्नावर पाडा: पाणी येतं कुठून, कोणाला कधी हवं, जुना करार कोणी केला, वरच्याकडे काय आहे, खालच्याकडे काय. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही नद्या.

उलटतपासणी
+१. शेवटच्या मुद्द्यात ताकदीचा फरक आणा. मध्य आशियात खालचे देश इंधनाने श्रीमंत, नाईलवर खालचा इजिप्त सैन्याने आणि जुन्या कराराने भारी.

बाराखडी
इजिप्त आलाच आहे तर लोकसंख्येची घनता जपून लिहा. सुमारे ११ कोटी लोक, १० लाख चौ. किमी; घनता ११० येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, देश मोकळा आहे. लागवडीची जमीन जेमतेम चार टक्के. ४० हजार चौ. किमीने भागा: पावणेतीन हजार. नाईलवरून इजिप्त इतका का अडून बसतो ते या दुसऱ्या आकड्यात आहे.

झिपऱ्या
नकाशा जोडायचा असेल तर?

हवापालट
छायांकित नकाशात एकूण आकडे रंगवू नका, दर किंवा टक्के रंगवा. नाहीतर मोठा देश नेहमीच गडद दिसतो. पाच गट पुरे. आणि मर्केटर प्रक्षेप नको. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, खरं तर आफ्रिका चौदा पट मोठा आहे. समक्षेत्र प्रक्षेप घ्या, मोलवाइड किंवा २०१८ चा इक्वल अर्थ.

पाटीपेन्सिल
शेवटची शंका. पंधरा आठवड्यांत वेळ सारखा वाटायचा का? घरात बाबांचा जुना ॲटलास आहे, तो चालेल?

कोकणकडा
सारखा नको. युरोप आणि सब-सहारा आफ्रिका मिळून नव्वदच्या आसपास देश होतात, नकाशाचा खरा भार तिथे. त्यांचे नकाशे तो प्रदेश वर्गात येण्याच्या दोन आठवडे आधीच सुरू करा. ओशनिया, उत्तर अमेरिका दोन बैठकांत होतात.

बाराखडी
जुना ॲटलास डोंगर-नद्यांसाठी उत्तम, सीमांसाठी नाही. हातात घेतल्यावर एवढं तपासा: दक्षिण सुदान आहे का (२०११), एस्वातिनी (२०१८ पर्यंत स्वाझिलँड), उत्तर मॅसेडोनिया (२०१९), म्यानमारची राजधानी नेपिडो. कझाकस्तानची राजधानी २०१९ ला नूर-सुल्तान झाली आणि २०२२ ला पुन्हा अस्ताना, त्यामुळे जुना ॲटलास तिथे योगायोगाने बरोबर निघूही शकेल.

चहाटळ
आणि त्यात अरल एकसंध निळा दिसला तर तो पाणवठा यांना पाठवा.

पाणवठा
पाठवू नका, निबंधाला जोडा. जुना नकाशा डावीकडे, ताजं उपग्रहचित्र उजवीकडे, दोन्हींचं प्रमाण सारखं करून. प्रमाण जुळवलं नाहीत तर तुलना बाद धरतील.